इंजिनाचा आवाज आणि आपले कान

विहिरीवर डिझेलचे इंजिन सुरू झाले, की हातभर अंतरावरच्या माणसाशीही आपल्याला ओरडून बोलावे लागते. तसे झाले, तर आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला असे समजावे. असा आवाज रोज तासन् तास ऐकला, तर माणूस हळूहळू बहिरा होतो. गेलेले कान परत येत नाहीत.

मग काय करावे? आम्ही सांगतो.

इंजिनात तेल जळते. त्याचा धूर दर ठोक्याला जोराने बाहेर पडतो. मोठा आवाज होतो तो त्याचाच. सायलेन्सर त्या धुराचा जोर मोडतो. म्हणून सायलेन्सर काढून ठेवू नये. गंजून फुटला, तर बदलावा. जोडावरचे पॅकिंग गेले असेल, तर नवे घालावे. इंजिन बंद करून, थंड झाल्यावर ढिले नट-बोल्ट आवळावेत.

पण धुराच्या नळीत चिंध्या कोंबू नका. बंद खोलीत इंजिन चालवू नका. धुरात विषारी वायू असतो. त्याला ना रंग, ना वास. माणूस बेशुद्ध पडतो, मरतोही. नळी खोलीबाहेर उघड्यावर काढा.

आणि इंजिन चालू असताना आपण लांब बसावे. जितके लांब, तितका आवाज कमी.