उतारावर उभी राहणारी वाहने : एका किरकोळ खर्चामागील कारण

यंदाच्या जमाखर्चात 'वाहन देखभाल' या शीर्षाखाली लाकडी ठोकळे, लोखंडी साखळ्या व हँडब्रेकच्या केबल यांवरील खर्च दाखविला आहे. रक्कम लहान आहे. परंतु रुग्णालयाच्या हिशेबात लाकडी ठोकळे कशासाठी, अशी पृच्छा काही सन्माननीय देणगीदारांनी केली. प्रश्न रास्त आहे व त्याचे उत्तर सविस्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आपला फिरता दवाखाना महाड-पोलादपूर परिसरातील डोंगरवाड्यांत जातो. घाटातील मोठ्या रस्त्यांचा चढ साधारणतः वीसास एक असावा, असा स्थापत्याचा संकेत आहे. वाडीकडे चढणाऱ्या सिमेंटच्या अरुंद रस्त्यांना हा संकेत ठाऊक नसतो. औषधे, उपकरणे व माणसे मिळून साडेतीन हजार किलो भरणारी गाडी वीसास एक अशा चढावर उभी केली, तर तिला खाली ओढणारा भार सुमारे १७५ किलो असतो. चढ आठास एक झाला की तोच भार सुमारे ४३५ किलो होतो. गाडी तीच, चालक तोच. हँडब्रेकवरील ओझे मात्र अडीच पट.

जुलै २०२४ मध्ये अशाच एका वाडीवर तपासणी सुरू असताना आपली गाडी जागची हलली. चालक एका वृद्ध रुग्णास उचलून आणण्यास गेला होता, कारण मदतनिसाचे पद तेव्हा रिक्त होते. आठ-दहा हात घरंगळून गाडी जांभ्याच्या बांधास अडली. खालच्या अंगास बसलेल्या आयाबाया वेळीच बाजूस झाल्या, म्हणून कोणासही इजा झाली नाही. प्रथम सर्वांचा रोख चालकाकडे वळला. चौकशीत मात्र असे आढळले की, केबल सैल झाल्याची लेखी सूचना त्याने दीड महिना आधीच दिली होती आणि काटकसरीच्या विचाराने ते काम पुढील तिमाहीवर ढकलण्यात आले होते. हा निर्णय कार्यालयाचा, म्हणजे आमचाच होता. विश्वस्त मंडळापुढे आम्ही तो तसाच मांडला व येथेही तसाच नोंदवीत आहोत.

त्यानंतर आम्ही जाणकार यांत्रिकांकडून हा विषय समजून घेतला. बहुतेक लहान वाहनांत हँडब्रेक केवळ मागील दोन चाकांना धरतो, तोही एका तारेच्या ताणावर. तार वापराने लांबते. चिखलपाण्याने पकड कमी होते. म्हणून हँडब्रेक ओढल्यावर चालकाने गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पायाचा ब्रेक सावकाश सैल करावा आणि हँडब्रेक एकटा गाडी पेलतो की नाही, हे पाहावे. पेलत नसेल तर ती जागा सोडावी.

त्यानंतर गिअर. गाडीचे तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. यामागील कारण आम्हांस नवीन होते. गाडी घरंगळू लागली तर या रीतीने इंजिन उलट्या दिशेने फिरू पाहते. उताराकडे तोंड असताना पहिला गिअर ठेवल्यास ते सुलट फिरते आणि जुने डिझेल इंजिन त्या धक्क्याने चालूही होऊ शकते. मात्र इंजिनातील दाब हळूहळू झिरपतो, त्यामुळे केवळ गिअरच्या भरवशावर ठेवलेली गाडी कालांतराने सरकू शकते. चाक बदलण्यासाठी मागचे एक चाक उचलले, तर डिफरन्शिअलमुळे गिअरची पकड जवळजवळ नाहीशीच होते.

रुग्णवाहिकेचा आणखी एक पेच आहे. तोंड चढाकडे असेल तर मागील चाकांवर भार येऊन हँडब्रेक चांगला धरतो. परंतु मागचे दार उताराकडे येते, स्ट्रेचर आपोआप बाहेर धावू पाहते आणि उचलणारी माणसे नेमकी गाडीच्या वाटेत उभी राहतात. तोंड उताराकडे केल्यास माणसे वरच्या अंगास सुरक्षित राहतात, पण भार पुढच्या चाकांवर जाऊन मागची पकड हलकी होते. बऱ्याच विचारान्ती आम्ही दुसरा पर्याय स्वीकारला, आणि हलक्या झालेल्या पकडीची भरपाई म्हणजेच हे ठोकळे. ते चाकाच्या उंचीच्या सुमारे चौथ्या हिश्श्याचे, पाचरीच्या आकाराचे असून उताराच्या बाजूने चाकास भिडवून लावले जातात. मदतनीस ते बाजूने येऊन लावतो. तोवर चालक पायाचा ब्रेक दाबून जागेवरच बसतो. ठोकळे लागल्याशिवाय त्याने आसन सोडू नये, मग रुग्ण कितीही निकडीचा असो. हा नियम चालकांना प्रथम कठोर वाटला. मदतनिसाचे पद आता भरण्यात आले आहे.

स्टिअरिंग नेहमी दरडीच्या बाजूस वळवून ठेवावे. तोंड वर असो वा खाली, गाडी सुटलीच तर दरीकडे न जाता दरडीस टेकते. अर्थात पावसाळ्यात सुट्या दरडीखाली गाडी उभी करणे हाही धोकाच. जुलै २०२१ मधील तळीयेची दुर्घटना या परिसरात कोणी विसरलेले नाही. अशा वेळी गाडी सपाटीवरच थांबवून रुग्णास डोलीने आणविले जाते. वेळ अधिक लागतो, हे आम्ही मान्य करतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ नुसार, परवानाधारक चालक आसनावर नसताना वाहन चुकूनही हलणार नाही, अशी व्यवस्था करणे हे वाहन ज्याच्या ताब्यात आहे त्याचे कर्तव्य आहे. हे कलम रुग्णांच्या नातेवाइकांच्या जीप व रिक्षांनाही लागू आहे.

या निमित्ताने नातेवाइकांना एक विनंती. आपल्या अपघात विभागाकडे येणारा रस्ता चढाचा आहे. घाईत वाहन तेथेच सोडून आत धावणे स्वाभाविक आहे, आणि चाकाखाली दगड ठेवण्याची रीतही चांगली. परंतु निघताना तो दगड रस्त्यातच राहतो आणि रात्री दुचाकीस्वार त्यावर आदळतो. गोल दगड तर भारासरशी निसटतोच. म्हणून प्रवेशद्वारावरील रखवालदाराकडे ठोकळ्यांच्या चार जोड्या ठेवल्या आहेत. त्या विनामूल्य मिळतात; परत जाताना तेवढ्या आठवणीने रखवालदाराकडे द्याव्यात.