पाहायचं, पण धक्का न लावता

एखाद्या गोष्टीला धक्का न लावता ती पाहता येते का? आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचा हा जुना प्रश्न सर्नमधल्या ॲलिस प्रयोगात अभियंत्यांपुढेच उभा राहिला. विद्युतभारित कण सिलिकॉनमधून जाताना इलेक्ट्रॉन सुटे करतो. तिथला पिक्सेल त्याची नोंद घेतो. असे सात थर. ठिपके जोडले की कणाची वाट मिळते. पण प्रत्येक थरात कण किंचित ढळतो, कमी संवेगाचा तर जास्तच. म्हणजे पाहण्याचं साधनच पाहणं बिघडवतं! म्हणून 2021 मध्ये बसवलेल्या शोधकात आतल्या थरांच्या चिप घासून 50 मायक्रोमीटरपर्यंत पातळ केल्या. एकूण पिक्सेल सुमारे 1250 कोटी. तरी कण ढळतोच, तो हिशेब वाट काढताना धरावा लागतो. पुढच्या आवृत्तीत आपण चिपच वाकवून नळीभोवती गुंडाळलेली पाहू. आधाराचा सांगाडाही त्यामुळे बराच कमी होईल.