गव्हावरच्या करप्याचा माग

2016च्या फेब्रुवारीत बांगलादेशातल्या मेहेरपूर, कुश्तिया, चुआडांगा या भागांत गव्हाच्या ओंब्या दाणे भरण्याआधीच पांढऱ्या पडू लागल्या आणि बघता बघता सुमारे 15 हजार हेक्टरांवरचं पीक करप्याच्या तडाख्यात सापडलं. आपल्या कोकणात भातावर करपा पाडणारी बुरशी आणि ही बुरशी एकाच जातीची. त्यामुळे पहिला प्रश्न असा पडला, की शेजारच्या भातावरची बुरशीच गव्हाकडे वळली, की ही कुठून बाहेरून आली? भातावरची असेल, तर प्रत्येक भातखाचर संशयित. बाहेरची असेल, तर नजर ठेवायची ती बियाण्यावर आणि आयात धान्यावर. नुसतं सूक्ष्मदर्शकातून पाहून हा निवाडा होत नाही. बांगलादेशातले शास्त्रज्ञ तोफज्जल इस्लाम, ब्रिटनमधले सोफियन कामून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतातली रोगट पानं घेऊन त्यांतल्या बुरशीची जनुकीय माहिती वाचली आणि शोधनिबंध छापून येण्याची वाट न पाहता ती जगासाठी खुली केली. ही बुरशी दक्षिण अमेरिकेतल्या गव्हावरच्या कुळातली निघाली. तिथे, ब्राझीलच्या पाराना राज्यात, हा रोग 1985 मध्ये पहिल्यांदा आढळला होता.

यातून शेतकऱ्याच्या पदरात काय पडलं, असं कोणी विचारेल, आणि प्रश्न रास्त आहे. बुरशीची जनुकीय माहिती वाचल्याने करपलेली ओंबी हिरवी होत नाही. पण शत्रू दक्षिण अमेरिकेतला आहे हे कळताच तिथे उपयोगी ठरलेला उपाय इथेही आजमावण्याला आधार मिळाला. एका रानगवतातून गव्हात आणलेला गुणसूत्राचा तुकडा करप्याला बराच अटकाव करतो, हे आधीच माहीत होतं. तो असलेला ‘बारी गोम 33’ हा वाण बांगलादेशाने 2017 मध्ये प्रसारित केला.

बुरशी बदलते, आजचा वाण उद्या बळी पडेल, हा आक्षेप मात्र अधिक वजनदार आहे. 2018 मध्ये झांबियात करपा दिसला. तोही याच कुळाचा, पण तिथे स्वतंत्रपणे पोचलेला. आफ्रिकेत नाचणीवरच्या बुरशीशी त्याचा संकर होऊ शकतो, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण म्हणूनच हे वाचन एकदा करून थांबवण्याचं काम नाही. व्यापाराच्या धास्तीने रोगाची बातमी दाबणं सरकारांना सोयीचं वाटतं. बुरशीला त्याहून मोठी मदत दुसरी नाही. भारताने दर हंगामात बांगलादेशालगतच्या सीमाभागातल्या गव्हावरच्या बुरशीचे नमुने वाचावेत आणि निष्कर्ष त्याच हंगामात सर्वांसाठी खुले करावेत.