पाला मोजायचा कशात?

पहाटे साडेचारला पुण्याच्या मार्केट यार्डात पालक, मेथी, कोथिंबीर किलोवर मिळत नाही, गड्डीवर मिळते. घाऊक भाव शेकड्याचा. आइसबर्ग, रोमेन हा सॅलडचा पाला मात्र काट्यावर चढतो. सॅलडच्या डब्यांचा धंदा असला की उजाडायच्या आतच दोन मापं सांभाळावी लागतात. तिसरं मेन्यूवर छापलेलं: कप.

साडेसहाला निवडायला बसतो. "ताई, आधी वजन करू का धुऊ?" नव्या मावशींचा प्रश्न. "आधी धुवा, पाणी पूर्ण झाडा, मग काटा." ओल्या पाल्याचं वजन खोटं. पानांच्या वळ्यांत पाणी राहतं, आणि तेच आपण भाजीच्या भावानं डब्यात भरतो. शिवाय ड्रेसिंग पानाला धरत नाही ते वेगळंच.

आठला मापं काढायची. सगळी गंमत या तासाची. रॉकेटची पानं कपात अलगद टाकली की कप शिगोशीग भरतो. तळव्यानं जरा दाबा, निम्मा रिकामा. म्हणून भिंतीवर तक्ता लावलाय, आकडे अमेरिकी कृषी खात्याचे. एका कपात, म्हणजे साधारण 240 मिलीत, रॉकेट 20 ग्रॅम, कच्चा पालक 30, चिरलेलं रोमेन 47 आणि चिरलेलं आइसबर्ग 72. रॉकेट संपलं म्हणून कपाला कप आइसबर्ग घातलं, तर डब्यात साडेतीन पटीहून जास्त वजन जातं! आइसबर्गचं पान पाण्यानं टच्च, चिरलं की थरावर थर बसतं. रॉकेटची कातरलेली पानं एकमेकांना टेकून मध्ये हवा धरून ठेवतात. परदेशी पाककृतीत 5 औंसांचा डबा सांगितला, की धरायचे 142 ग्रॅम: पालकाचे जेमतेम पाच कप, रॉकेटचे सात.

दहाला भरणी. काट्यावर डबा ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, पाला घालायचा. कप धुवायचीही कटकट नाही. ड्रेसिंग वेगळ्या डबीत.

अकराला एका काकूंचा फोन. मुलीनं अमेरिकेतून आहाराचा तक्ता पाठवलाय, दिवसाला अमुक कप भाजी. "तुमच्या डब्यात किती कप हो?" त्यांना सांगावं लागतं, की तिकडच्या हिशेबात कच्च्या पाल्याचे दोन कप म्हणजे भाजीचा एकच कप. काकू जरा हिरमुसल्या.

साडेबाराला डबे रवाना. आमची जेवणं उभ्याउभ्याच.

तीनला सूपचा पालक. पातेल्यावर डोंगर झालेला पाला दोन वाफांत तळाला जातो. शिजलेल्या पालकाचा एक कप 180 ग्रॅमचा, कच्च्याच्या सहापट. त्यामुळे "एक कप पालक" एवढंच लिहिलेली पाककृती मी सरळ बाजूला ठेवते.

पाचला उद्याची ऑर्डर. डब्यांवरून ग्रॅम, ग्रॅमवरून किलो, त्यात देठ आणि निवडणाची घट धरायची. पालकाच्या गड्ड्या किती, ते आदल्या रात्री ठरवत नाही. पावसाळ्यात गड्डी बारीक आणि चिखल फार, तेव्हा बाजारात एक गड्डी हातात घेऊनच आकडा सांगायचा.

पाककृती लिहिणाऱ्यांना एकच विनंती: पाल्यापुढे ग्रॅम लिहा. कपच लिहायचा असेल, तर पाला मोकळा की दाबून, अख्खा की चिरून, कच्चा की शिजवून, तेवढं तरी सांगा.