सापडली म्हणजे नवी झाली का?

बुरशी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? रूमवर विसरलेला ब्रेड आणि पावसाळ्यातले बूट! पण नदीत बुडालेल्या लाकडावरही बुरशी वाढते आणि तिथली एखादी जात ‘नवी’ ठरवणं हे फार किचकट काम आहे.

पाण्याखाली ऑक्सिजन कमी. त्यामुळे जमिनीवर लाकूड कुजवणाऱ्या अळंब्यांचं तिथे फारसं चालत नाही. तिथे काम करतात त्या सूक्ष्म बुरश्या. त्या लाकडाच्या पेशींच्या भिंती पोखरतात, लाकूड मऊ पडतं आणि त्यातलं अन्न पाण्यातल्या जीवांपर्यंत पोचतं.

संशोधक असं लाकूड लॅबमध्ये आणून ओलसर डब्यात ठेवतात आणि कित्येक आठवडे तपासत राहतात. बारीक काळे ठिपके दिसले की एक फोडून मायक्रोस्कोपखाली बघायचं. बऱ्याचदा आत लांबट पिशव्या असतात आणि प्रत्येकीत साधारण ८ बीजाणू.

१९९२ साली के. डी. हाइड यांनी ऑस्ट्रेलियातल्या बुडालेल्या लाकडावरच्या अशाच एका बुरशीचं वर्णन केलं. पिशवीच्या टोकाला ठळक कडं, बीजाणूंभोवती आवरण. नाव ठेवलं अ‍ॅन्युलॅटॅस्कस व्हेलॅटिस्पोरस. घाबरू नका! लॅटिनमध्ये ‘अ‍ॅन्युलस’ म्हणजे कडं, ‘व्हेलॅटस’ म्हणजे झाकलेला. नाव हेच ओळखपत्र!

पण नुसतं नाव ठेवून भागत नाही. मोजमापं, चित्रं, जवळच्या जातींपेक्षा वेगळेपण हे सगळं छापावं लागतं. तेव्हा तर वर्णन लॅटिनमध्येच लागायचं; १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही चालतं. २०१३ पासून बुरशीच्या नव्या नावाला नोंदणी क्रमांक सक्तीचा झाला. आता डीएनएचीही तुलना करतात. आणि सर्वांत महत्त्वाचं, ज्या नमुन्यावरून वर्णन केलं तो वाळवून संग्रहात जपून ठेवतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरश्यांचा असा संग्रह आहे.

एवढा खटाटोप कशाला, असं मलाही वाटलं होतं. खरं सांगायचं तर प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये रीडिंग ‘जुळवून’ लिहिणाऱ्यांतली मीही एक. सबमिशन झालं की कोण बघतंय? इथे मात्र पन्नास वर्षांनीसुद्धा कुणीतरी तो वाळका तुकडा काढून तुमचं म्हणणं पडताळू शकतं. चूक निघाली तर तीही तुमच्याच नावावर.

पुढच्या प्रॅक्टिकलला निदान एक रीडिंग तरी जसं आलं तसंच लिहायचं, असं मी ठरवलंय. बघू, सर काय म्हणतात!