सातारची ‘प्रिया’ उघडताना : जुनी स्कूटर आणि आपली फुप्फुसे

सातारा-सांगली पट्ट्यात अजूनही एखाद्या पडवीत, जिन्याखाली किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली ‘प्रिया’ स्कूटर दिसते. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना साताऱ्यात होता आणि तिथे ‘प्रिया’ तयार होत असे. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागायचे, असा तो काळ. नोकरीला लागलेल्या अनेक घरांतली ती पहिली गाडी. वडिलांची नोकरी, आईचा दवाखाना, बहिणीचे कॉलेज हे सगळे तिच्यावरून झालेले असते.

या गाडीचे मूळ इटलीतले. दुसऱ्या महायुद्धानंतर पिआज्जो कंपनीने १९४६ मध्ये ‘व्हेस्पा’ बाजारात आणली. कोर्राडिनो दास्कानियो हा तिचा रचनाकार विमानांचा अभियंता होता आणि त्याला मोटारसायकल आवडत नसे. चालवणाऱ्याचे कपडे तेलाने माखू नयेत म्हणून त्याने इंजिन पत्र्याआड झाकले, पायांसाठी मोकळी जागा ठेवली आणि गिअर हँडलवर आणला. बजाजने १९६० च्या दशकात पिआज्जोच्या परवान्याने व्हेस्पा बनवली. १९७१ मध्ये तो करार संपला, पण घडण तीच राहिली. म्हणून ‘प्रिया’ उघडली की आत इटालियन व्हेस्पाच दिसते.

आता तरुण मुले ही गाडी पुन्हा उभी करू पाहतात. कोणी वडिलांची आठवण म्हणून करतो, कोणी भंगारवाल्याकडून घेऊन. छंद चांगला आहे. हात कामात गुंततात, मोबाईल बाजूला राहतो, बापलेक बऱ्याच दिवसांनी एकत्र बसतात. पण आरोग्याच्या पानावर या गाडीचा विषय काढण्याचे कारण वेगळे आहे. पहिल्यांदाच गाडी घेणारा माणूस इंजिन चालेल का, सुटे भाग मिळतील का, रंग कोणता द्यायचा, याचा विचार करतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची गाडी उघडताना आपण काय श्वासात घेतो, याचा विचार कोणी करत नाही. आणि त्यातले सगळ्यात वाईट नुकसान त्या दिवशी दिसत नाही.

ब्रेकमधली धूळ

‘प्रिया’ला पुढे-मागे दोन्हीकडे ड्रम ब्रेक असतात. ड्रम काढला की आत राखाडी-काळी भुकटी साचलेली दिसते. मिस्त्री सवयीने तोंडाने फुंकर मारतो, नाहीतर कॉम्प्रेसरची हवा सोडतो. हे कधीही करू नये. त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस वापरलेले असायचे. त्याचे तंतू इतके बारीक असतात की ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि खोकल्याने बाहेर पडत नाहीत. फुप्फुसात रुतून बसतात. त्यातून फुप्फुसे कडक होण्याचा आजार, फुप्फुसाचा कर्करोग आणि छातीच्या आवरणाचा कर्करोग होऊ शकतो. हे आजार दिसायला वीस ते चाळीस वर्षे लागतात. जो माणूस विडी-सिगारेटही ओढतो, त्याचा फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो.

एका गाडीचे ब्रेक एकदा उघडल्याने कर्करोग होईल, असे म्हणून घाबरवायचे नाही. पण जो धोका एक तांब्या पाण्याने टळतो, तो घ्यायचा कशाला? ड्रम काढण्याआधी आणि काढल्यावर भुकटीवर साबणाचे चार थेंब टाकलेले पाणी हलकेच फवारावे. ओल्या फडक्याने पुसावे. ते फडके आणि जुने ब्रेक शू प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावे. लायनर कोरडे घासू नयेत, खाली पडलेली धूळ केरसुणीने झाडू नये. तोंडाला बांधलेल्या रुमालाचा यात काही उपयोग नाही. साधा एन-९५ मास्कही ॲस्बेस्टॉससाठी पुरेसा मानत नाहीत. म्हणून धूळ उडूच न देणे, हाच खरा उपाय. नवे शू घेताना ‘ॲस्बेस्टॉस-फ्री’ लिहिलेलेच मागावेत. आपल्या देशात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदी नाही, तेव्हा हे विचारणे आपल्यालाच भाग आहे.

पेट्रोल तोंडात घेऊ नका

जुन्या टाकीतले कुजके पेट्रोल काढायला नळी लावून तोंडाने ओढायची पद्धत सगळीकडे आहे. एक घोट चुकून घशात गेला आणि ठसका लागला, तर पेट्रोल श्वासनलिकेत उतरते आणि न्यूमोनिया होतो. तसे झाल्यास उलटी करवू नये, मिठाचे पाणी पाजू नये. उलटीतून ते पुन्हा फुप्फुसात जाते. खोकला नसला, बरे वाटत असले, तरी दवाखान्यात जावे. त्रास काही तासांनीही सुरू होतो. खरे तर तोंड लावायची गरजच नाही. पेट्रोलचा कॉक सोडून किंवा हातपंप लावून टाकी रिकामी होते.

काढलेले पेट्रोल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नये. घरातले लहान मूल ती बाटली तोंडाला लावते. रॉकेलच्या बाबतीत आपल्या वस्त्यांनी हे पुष्कळ पाहिले आहे.

पेट्रोलने हात धुऊ नयेत. त्यात बेंझिन असते आणि ते रक्ताचा कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत मोडते. शिवाय कातडी कोरडी पडते, भेगा पडतात. हाताला आधी खोबरेल तेल चोळावे, काळे तेल सुटले की साबणाने धुवावे. काम करताना नायट्राइलचे हातमोजे घालावेत.

टाकी गळत असेल तर ‘रिकामीच आहे’ म्हणून वेल्डिंगला देऊ नये. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ असते आणि ठिणगी पडली की टाकी फुटते. पायाखालचा पत्रा गंजून वेल्डिंग करायचा असेल, तर टाकी आधी गाडीवरून काढून लांब ठेवावी.

चाकाचे नट

ही सूचना नव्या मालकाने पाठच करावी. या स्कूटरची रिम दोन पाकळ्यांची असते. चाक ड्रमला धरणारे नट वेगळे आणि दोन पाकळ्या एकमेकींना धरणारे नट वेगळे. ट्यूबमध्ये हवा असताना कोणी दुसऱ्या प्रकारचे नट सोडले, तर रिम फाटकन उघडून तोंडावर येते. दात, डोळे, हाताची बोटे, काहीही जाऊ शकते. म्हणून कोणताही नट सोडण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडावी. चाक जोडताना दोन्ही पाकळ्या घट्ट आवळाव्यात आणि मगच हवा भरावी.

रंग खरवडताना

जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे २०१६ च्या नियमांनी मर्यादा आली, पण ते नियम वाहनांच्या रंगाला लागू नाहीत. रंग कोरडा घासला की शिशाची धूळ घरभर बसते. शिसे मोठ्यांच्या रक्तदाबावर आणि मूत्रपिंडावर परिणाम करते. लहान मुलांच्या मेंदूची वाढ त्याने खुंटते, आणि ते नुकसान भरून येत नाही. म्हणून रंग पाणीपेपरनेच, ओला ठेवून घासावा. हे काम अंगणात करावे, स्वयंपाकघराच्या दारात नाही. गरोदर बाई आणि लहान मुले तिथे नकोत. काम झाल्यावर कपडे बदलून, हात-तोंड धुऊनच मुलाला उचलून घ्यावे. ते कपडे वेगळे धुवावेत. ॲस्बेस्टॉस असो की शिसे, ते कपड्यांवरून घरात येते आणि कपडे धुणाऱ्या बाईच्या नाकात जाते.

आजकालचा दोन डब्यांचा, हार्डनर मिसळायचा चकचकीत रंग घरी फवारू नये. त्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा होतो, आणि एकदा झाला की थोड्याशा वासानेही उसळतो. हे काम रंगाच्या खोलीत, योग्य मास्क लावून काम करणाऱ्याकडेच द्यावे.

सायलेन्सर आणि धूर

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच तेल मिसळलेले असते, त्यामुळे सायलेन्सरमध्ये काजळी साचते. ती काढायला सायलेन्सर जाळात टाकतात. तो काळा धूर विषारी असतो. वस्तीच्या मधोमध, मुले खेळतात तिथे हे करू नये. कॉस्टिक सोडा वापरायचा असेल तर सोडा पाण्यात थोडा थोडा टाकावा, सोड्यावर पाणी ओतू नये. चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच. डोळ्यात थेंब गेल्यास पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. गंज काढायला संडास धुण्याचे ॲसिड वापरणारेही आहेत. ते ब्लीचिंग पावडरजवळ आले तरी क्लोरीन वायू सुटतो.

इंजिन पहिल्यांदा सुरू झाल्याचा आनंद मोठा असतो. पण बंद खोलीत किंवा शटर ओढलेल्या गाळ्यात ते चालवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोके दुखू लागले, गरगरले, मळमळले तर तडक बाहेर मोकळ्या हवेत यावे.

अंग, डोळे, धनुर्वात

ही गाडी साधारण शंभर किलोची. एकट्याने उचलून ठोकळ्यावर ठेवायला जाऊ नये. दोघांनी धरावी, कमरेतून न वाकता गुडघ्यात वाकावे. घासताना, ठोकताना चष्मा लावावा. डोळ्यात लोखंडाचा कण गेला तर गॅरेजमध्ये काडीने किंवा रुमालाच्या टोकाने काढून घेऊ नये.

गंजलेल्या पत्र्याने कापले की धनुर्वाताची आठवण होते. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि गोठ्यात पडून असलेल्या गाडीवर माती असतेच. मोठ्या माणसालाही दर दहा वर्षांनी इंजेक्शन लागते. मळकी जखम असेल आणि शेवटचे इंजेक्शन घेऊन पाच वर्षे झाली असतील, तर पुन्हा घ्यावे लागते. सरकारी दवाखान्यात ते मिळते.

रस्त्यावर उतरण्याआधी

पैसे घालण्याआधी गाडीची कागदपत्रे पाहावीत. नोंदणी पंधरा वर्षांनंतर नव्याने करून घ्यावी लागते आणि ती दर पाच वर्षांनी वाढवावी लागते. मूळ मालक हयात नसेल तर वारसाची कागदपत्रे आधी जुळवावीत.

टायरला वरून भेगा नसल्या तरी त्यावर छापलेले चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. जुना टायर कितीही जाड दिसला तरी बदलावा. या गाडीचा दिवा मंद असतो, म्हणून अंधारात महामार्गावर, कराड-पेठनाक्याच्या रहदारीत नेऊ नये. कासला फिरायला गेलात तर यवतेश्वरचा घाट उतरताना लक्षात ठेवा : टू-स्ट्रोक इंजिन गाडीला फारसे रोखत नाही. शिवाय थ्रॉटल सतत बंद ठेवले तर इंजिनाला तेलही पोचत नाही. खालच्या गिअरवर उतरावे, अधूनमधून थोडे थ्रॉटल द्यावे आणि ड्रम तापले तर थांबावे. आयएसआय शिक्क्याचे हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही हवे.

गॅरेजमधल्या पोराचे काय?

आपण हे काम वर्षातून एकदा करू. गॅरेजमधला मुलगा रोज दहा ब्रेक उघडतो. कायद्याच्या यादीत ॲस्बेस्टॉसचा आजार आणि शिशाची विषबाधा हे दोन्ही कळवणे बंधनकारक असलेले व्यवसायजन्य आजार आहेत. पण चार माणसांचे गॅरेज त्या कायद्यात सहसा बसत नाही. त्या मुलाचा खोकला कोणाच्याच नोंदीत येत नाही. आणि हा मुलगा बहुतेकदा आपल्याच वस्तीतला असतो.

म्हणून गाडी गॅरेजला देताना मिस्त्रीला एवढे सांगावे : ‘दादा, ड्रमला हवा मारू नका, पाण्याने पुसा. वेळ लागला तरी चालेल.’ पैसे आपण देतो, तेव्हा आपले म्हणणे ऐकले जाते. चौदा वर्षांखालचे पोर कामाला दिसले तर गाडी तिथे देऊ नये. ते कायद्याने गुन्हा आहे. जो अनेक वर्षे गॅरेजमध्ये किंवा रंगकामात आहे आणि ज्याला जुनाट खोकला, चढताना धाप किंवा वजन घटण्याचा त्रास आहे, त्याने साताऱ्याच्या किंवा सांगली-मिरजेच्या सरकारी रुग्णालयात छाती तपासून घ्यावी. डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता स्वतःचे काम सांगावे : किती वर्षे, ब्रेकचे की रंगाचे. क्षयाची तपासणी होईलच, पण कामाची माहिती मिळाली तर डॉक्टर पुढचेही तपासतील. विडी-तंबाखू सोडण्याचा फायदा अशा माणसाला इतरांपेक्षा जास्त होतो.

थोडक्यात

ब्रेकची धूळ ओली करून पुसा. पेट्रोलला तोंड लावू नका. हवा सोडल्याशिवाय रिमचा नट सोडू नका. रंग ओलाच घासा. इंजिन उघड्यावर चालवा. घरात शिरण्याआधी कपडे बदला. यासाठी लागते ते पाणी, साबण, हातमोजे आणि एक चष्मा. गाडीच्या एका नव्या प्लगपेक्षा याचा खर्च फार होत नाही.