‘भीड’ : अर्थ आणि व्यवहार

समाजात वावरताना जाणवणारी अस्वस्थता व्यक्त करण्यासाठी मराठीत संकोच, लाज, बुजरेपणा, अवघडलेपणा असे अनेक शब्द आहेत. ‘भीड’ हा शब्दही याच गटात घातला जातो आणि ‘संकोच’ हा त्याचा पर्याय म्हणून सर्रास सांगितला जातो. (हिंदीत ‘भीड’ म्हणजे गर्दी, तो अर्थ येथे अभिप्रेत नाही.) मात्र दैनंदिन व्यवहारातील उपयोजन तपासले असता हे दोन शब्द एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत, असे दिसून येते.

‘मला संकोच वाटतो’ हे वाक्य स्वतःपुरते पूर्ण आहे. ‘मला भीड पडली’ म्हटल्यावर मात्र ‘कोणाची?’ हा प्रश्न लगेच उभा राहतो. लाज कृत्याची वाटते, संकोच प्रसंगाचा वाटतो. भीड माणसाची असते. ‘बोलायला भीड वाटते’ अशा वाक्यातही ज्याच्यासमोर बोलायचे तो माणूस गृहीत असतो. म्हणूनच परिचय वाढला की भीड चेपते आणि संबंध तुटण्याची तयारी झाली की मोडते. ‘निर्भीड’ या विशेषणाचा अर्थ ‘निर्भय’ असा घेतला जातो. वस्तुतः कोणाचीही भीड न बाळगणारा तो निर्भीड. अशा माणसाला भीती वाटतच नसेल असे नाही.

भीड ही वापरताही येते, हे तिचे आणखी एक वैशिष्ट्य होय. संकोच कोणी कोणाला ‘घालत’ नाही. भीड घातली जाते, प्रसंगी खर्ची घातली जाते. येथे ती भांडवलासारखी वागते. वशिल्याशी तिचे नाते जवळचे असले तरी वशिला कचेरीत चालतो, तर भीड मनावर चालते.

‘भीड ही भिकेची बहीण’ या म्हणीतील भीक अतिशयोक्त वाटेल. पण महाविद्यालयाच्या शिक्षककक्षात तिचा प्रत्यय नवा नाही. सहकारी पतसंस्थेच्या कर्जाचा अर्ज पुढे करतो आणि भिडस्त माणूस जामीनदार म्हणून सही करतो. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळी तरतूद नसल्यास जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. त्याच कायद्यातील कलम १६ मध्ये अनुचित प्रभावाचा विचार आहे. परंतु तेथे एक पक्ष दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवण्याच्या स्थितीत असावा लागतो आणि त्या स्थितीचा त्याने गैरफायदा घेतलेला असावा लागतो. बरोबरीच्या सहकाऱ्याची भीड त्यात सहसा बसत नाही. तिला बळी पडलेल्याची सही कायद्याच्या दृष्टीने स्वेच्छेचीच ठरते.

वर्गात शिक्षकाचे पारडे जड असते. विचारायचे असूनही न विचारणारा विद्यार्थी ‘लाजाळू’ ठरवला जातो. तोच विद्यार्थी वसतिगृहात मित्रांशी तावातावाने वाद घालत असेल, तर त्याला संकोची म्हणणे कठीण आहे. संशोधनासाठी स्वतःच्याच विद्यार्थ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात, तेव्हा हा भेद अधिक गंभीर होतो. ‘मी स्वेच्छेने सहभागी होत आहे’ या ओळीखाली विद्यार्थी सही करतो, तेव्हा कागद गोळा करणारे सर किंवा मॅडम त्याच्या समोरच उभ्या असतात.